मुख्य स्रोत कोणता?

चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये सर्वेक्षणाला निघालं की आधी वॉचमनला पटवावं लागतं. ओळखपत्र दाखवा, छापील पत्र दाखवा, तो वॉटर प्युरिफायर विकायला आल्यासारखाच बघतो. मी नाशिकचा, तमिळ मोडकंतोडकं. त्यामुळे बोलायचं काम मदुराईच्या सहकारी बाईंचं, नकाशा आणि यादी माझ्याकडे, आणि पर्यवेक्षक सरांची नजर दोघांवर.

जुलै ते डिसेंबर २०१८. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७६वी फेरी: पिण्याचं पाणी, स्वच्छता, घरांची स्थिती. नेमून दिलेल्या ब्लॉकच्या हद्दी पायी फिरून पक्क्या करायच्या, मग घरोघरची यादी. कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकात जेवणारे. भांडून चूल वेगळी केलेले दोन भाऊ आमच्या लेखी दोन कुटुंबं. त्या यादीतून ठरलेल्या रीतीने घरं निघतात. चौथ्या मजल्यावरचं निघालं आणि लिफ्ट बंद असली, तरी चढायचं.

खरा घोळ पाण्याच्या प्रश्नाला. पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत कोणता? रकान्यात एकच संकेतांक मावतो. लेक एरियात, म्हणजे जिथलं तळं कधीच बुजवलं गेलं तिथे, एका घराच्या ओट्यावर वीस लिटरचा कॅन उलटा ठेवलेला, शेजारी मेट्रो वॉटरने, म्हणजे शहराच्या पुरवठ्याच्या पाण्याने, भरलेला कुडम (घडा), न्हाणीघरात बोअरचं पाणी, उन्हाळ्यात खालच्या टाकीत टँकर. मुख्य कोणता? “सगळेच,” गृहिणी म्हणाल्या.

मी यादीतला पर्याय वाचून दाखवणार, तोच बाईंनी विचारलं, “अक्का, तहान लागली की ग्लास कशाखाली धरता?” कॅनखाली. “सासूबाई?” त्या मेट्रोचं उकळून पितात. मग आठवड्याला कॅन किती, माणसं किती, मे महिन्यात काय, अशा गप्पा झाल्या. वर्षभरात जे सर्वांत जास्त प्यायलं गेलं ते धरायचं, हा नियम. संकेतांक बाटलीबंद पाण्याचा पडला. वर्षभर पुरतं का, याचं उत्तर मात्र त्यांनी कॅनवाल्याच्या सवडीवर टाकलं.

पुढे सर एकटेच काही घरांत जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारून आले. बाईंना त्याचा राग येई. मला बरं वाटे; आपल्यामागे कुणीतरी तपासतंय म्हटलं की अंदाजाने खूण करायचा मोह आवरतो.

देशभरातली अशी १,०६,८३८ कुटुंबं. अहवाल नोव्हेंबर २०१९मध्ये आला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये चेन्नईचे जलाशय आटले होते, आणि आमचे आकडे त्याआधीच्या वर्षाचे. बाई म्हणाल्या, “आता विचारलं असतं, तर सगळ्यांनी पाण्याची लॉरीच सांगितली असती.”