कार्यकर्त्याने कमरेला रिव्हॉल्व्हर लावावं का?

आपल्या चळवळीत शस्त्राचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आमच्या हातात लेखणी आहे, बंदुकीचं नाव काढू नका. दुसरा जयंतीच्या रात्री गावठी कट्टा हातात घेऊन रील टाकतो. पहिल्याला वाटतं तो बुद्धाचा वारस आहे, दुसऱ्याला वाटतं तो पँथर आहे. मधला प्रश्न कोणीच विचारत नाही: ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे अशा माणसाने कायदेशीर परवाना काढून एक छोटं रिव्हॉल्व्हर जवळ बाळगावं का? आणि बाळगलं तर ते त्याच्या नेमकं काय कामाला येईल?

मला हा प्रश्न हौसेखातर पडलेला नाही. गेल्या वर्षापासून मी गायरानाच्या वादातून झालेल्या एका अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदारांना तारखेला घेऊन जातो, घेऊन येतो. तीन वेळा फोन आले. एकदा रात्री परतताना बिननंबरची गाडी चौदा किलोमीटर मागे होती. ती फाट्यावर वळली, आम्ही घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी आमचे हवालदार काका आले. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेला माणूस, बोलणं कमी. म्हणाले, "तू शहाणा हैस, पण उघडा हैस. चल माझ्याबरोबर, काय मिळतं ते डोळ्यानं बघून घे."

आम्ही शहरातल्या एका परवानाधारक दुकानात गेलो. सामान्य नागरिकाला ९ मिमी किंवा .३८ बोअर मिळत नाही. तो प्रतिबंधित बोअर, म्हणजे लष्कर-पोलिसांचा. त्यामुळे आपल्या वाट्याला मुख्यतः .३२ येतो. हे काडतूस १८९६ सालचं आहे, म्हणजे बाबासाहेब पाच वर्षांचे होते तेव्हाचं. सरकारी कारखान्याचं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर साधारण ७०० ग्रॅमचं, मधून मोडून उघडणारं, वेब्लीच्या वळणाचं. २०२३ मध्ये कानपूरहून ‘प्रबल’ आलं. त्याचं चक्र बाजूला उघडतं. आणि लपवून बाळगण्यासाठी म्हणून ज्याची सर्वांत जास्त जाहिरात झाली ते ‘निर्भीक’, २०१४ चं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अंदाजे ५०० ग्रॅम, सहा गोळ्यांचं.

निर्भीकबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणानंतर त्या मुलीला माध्यमांनी दिलेल्या नावावरून हे नाव ठेवलं आणि ‘महिलांसाठीचं रिव्हॉल्व्हर’ म्हणून बाजारात आणलं. मरून रंगाच्या दागिन्याच्या डबीत. किंमत १,२२,३६० रुपये! आमच्या भागात ऊसतोड जोडप्याची हंगामाची उचल लाखाच्या आसपास असते. अत्याचार कोणत्या बाईवर होतो आणि डबी कोणत्या बाईच्या पर्समध्ये जाते, याचा विचार नाव ठेवणाऱ्यांनी केला होता का?

असो. वस्तू म्हणून ती कशी आहे ते सांगतो. रिव्हॉल्व्हरचा गुण म्हणजे साधेपणा. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा घोडा ओढायचा, चक्र पुढचं काडतूस समोर आणतं. पिस्तुलासारखी अडकलेली गोळी मोकळी करत बसावं लागत नाही. ज्याला रोज सराव नाही त्याच्यासाठी हे बरं. पण लहान रिव्हॉल्व्हरचे दोष त्याच्या लहानपणातच आहेत. नळी आखूड, त्यामुळे नेम धरायला पुढच्या-मागच्या खुणेत अंतरच राहत नाही. घोड्याचा ओढा लांब आणि जड, त्यात हात हलतो. वजन कमी म्हणून झटका जास्त जाणवतो. चक्राचा फुगवटा शर्टाबाहेर दिसतो. काकांनी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर मला काउंटरमागच्या भिंतीकडे तोंड करून दहा वेळा घोडा ओढायला लावला. नंतर म्हणाले, "धा पावलांच्या पुढं तू म्हशीला पण मारू शकनार न्हाईस." सराव करावा म्हटलं, तर वर्षाला किती काडतुसं घ्यायची याची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते आणि काडतूस स्वस्त नाही.

घरी येऊन मी एक प्रयोग केला. किराणा दुकानदार मित्राकडून अर्धा किलोचं लोखंडी माप आणलं, कापडी पिशवीत शिवलं आणि आठ दिवस शर्टाखाली कमरेला बांधून फिरलो. परवाना मिळेल तेव्हा मिळेल, वजन तर आजच कळू दे म्हटलं. बायको म्हणाली, "तुम्हाला आता हेच राहिलं होतं."

पहिल्या दिवशी एसटीत. गर्दीत लोकांचे कोपर, पिशव्या, पोरं सगळं त्या मापावर आदळत होतं आणि माझा हात सारखा तिकडे जात होता. ज्याचा हात सारखा कमरेकडे जातो त्याच्याकडे काय आहे हे गर्दीतल्या चोराला सगळ्यात आधी कळतं. न्यायालयाच्या फाटकावर तपासणी, म्हणजे खरं शस्त्र आत नेता आलं नसतं. जिथे मला धोका आहे ती जागा म्हणजे न्यायालयाबाहेरचा चहाचा टपरा, आणि तिथेच मी रिकामा असणार. वस्तीतल्या बैठकीत मांडी घालून बसलो तर ते बरगडीखाली टोचायला लागलं. बाया बोलत होत्या, मी सरकून बसत होतो. रविवारी विहारात जाताना काढून ठेवलं. कुठे ठेवलं? घरात कुलूप लागणारं कपाट एकच, त्याची किल्ली खिळ्याला, आणि घरात सातवीतला मुलगा. मापाऐवजी खरं रिव्हॉल्व्हर असतं तर त्या एका तासात मला धम्मवंदना ऐकू आली नसती.

आता मूळ मुद्दा. लपवलेलं शस्त्र कुणासाठी बनतं? अनोळखी माणसासाठी. अंधाऱ्या गल्लीत एक लुटारू येतो, त्याला माहीत नसतं तुमच्याकडे काय आहे. जातीचा अत्याचार असा येत नाही. तो ओळखीच्या चेहऱ्यांनी येतो, आधी सांगून येतो, जमावाने येतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर जमाव चालून गेला. सहा गोळ्यांचा हिशोब तिथे मांडून बघा. आणि जमाव येण्याआधी जे येतं, पाण्याची वाट बंद, दळण बंद, उभ्या पिकात जनावरं, त्यावर कोणती गोळी झाडणार? समजा झाडलीच, तर दुसऱ्या दिवशी काय होतं तेही आपल्याला माहीत आहे. आपल्या फिर्यादीला जो उलटा गुन्हा लागतो तो एरवी दरोड्याचा असतो, यावेळी खुनाच्या प्रयत्नाचा असेल. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४. पण आवश्यकतेपेक्षा जास्त इजा केली नाही, हे तुरुंगात बसून सिद्ध करावं लागतं.

म्हणून शस्त्राचा प्रश्न सोडून द्यायचा का? अजिबात नाही. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त दाखवून दिलं आहे की या देशात खालच्या वर्गांनी बंड का केलं नाही याचं एक कारण त्यांना शस्त्र धरूच दिलं नाही हे होतं. शिक्षण नाही, शस्त्र नाही, राजकीय सत्ता नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्जामागून अर्ज लिहिले ते पगारासाठीच नव्हते. आणि याच बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडमध्ये, परिषदेच्या लोकांची डोकी फुटलेली असताना, लष्करात राहिलेली माणसं आदेशाची वाट पाहत असताना, हात उचलू दिला नाही. त्यांनी खटला चालवला आणि जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. याला कुणी दुबळेपणा म्हणत असेल तर त्याने ते महाडच्या तळ्यावर उभं राहून म्हणावं.

अमेरिकेतलंही एक उदाहरण आहे. १९५६ मध्ये मॉन्टगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी शस्त्र जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला. पुढे त्यांनी घरातली शस्त्रंही काढून टाकली. शेवटचा भाग सगळे सांगतात, परवाना नाकारल्याचा भाग कमी लोक सांगतात. नाकारायचा हक्क सत्तेला होता आणि तिने तो कातडीचा रंग पाहून वापरला.

आपल्याकडे काय आहे बघा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १४: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, कलम १८ खाली अपील आहे. आणि आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावा असा अॅट्रॉसिटी नियम १९९५ चा नियम ३. अत्याचारप्रवण क्षेत्रात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा शस्त्रं जप्त करायची. आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यायचे. हे सरकारच्याच राजपत्रात आहे. मी जिल्हा दक्षता समितीच्या बैठकांना बसलो आहे. तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी ती बैठक कधी सहा महिन्यांनी होते आणि अनुदानाच्या धनादेशावर संपते. तिथे नियम ३ चा हा भाग कुणी वाचल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्या गावात पाटलाच्या पोराच्या लग्नात बार उडतात, त्या गावात किती परवाने आहेत ही यादी आपण मागतो का? हर्षोल्हासात गोळीबार करणं २०१९ च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. व्हिडिओ तर तेच टाकतात.

रीलवाल्या पोरांनो, तुमच्यासाठी एवढंच: विनापरवाना कट्टा सापडला तर किमान शिक्षा आता दोन वर्षं आहे. पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करणारा पोरगा त्या एका रीलने संपतो. आणि पोलिसाला तुमच्या आडनावाची वाट बघावी लागत नाही, तुम्ही निळा झेंडा मागे लावूनच उभे असता.

मी अर्ज केला आहे, पण एकट्या माझ्या नावाने नाही. त्यात तीन मागण्या आहेत. त्या गावातल्या आरोपींच्या आणि त्यांच्या नातेवाईकांच्या परवान्यांची यादी आणि नियम ३ प्रमाणे कारवाई. कलम १५अ खाली दोन्ही साक्षीदारांना तारखेच्या दिवशी घरापासून न्यायालयापर्यंत पोलीस संरक्षण. आणि हे दोन्ही देता येत नसेल तर मला आणि साक्षीदार बाईंच्या मोठ्या मुलाला .३२ चा परवाना, नाकारायचा असेल तर कारणांसह. पोच घेतली आहे, शिक्क्यासहित. कारकुनाने वाचून मान वर केली आणि विचारलं, "हा नियम खरंच आहे का?" मी राजपत्राची प्रत सोबत नेलीच होती.

काका नाराज आहेत. त्यांच्या मते मी आधी हत्यार घ्यायला हवं होतं, कागद नंतर. अर्धा किलोचं माप दुकानात परत गेलं. साक्षीदारांची पुढची तारीख एकोणीसची आहे, सकाळी सात वाजता फाट्यावरून जीप निघेल. आठ जागा आहेत, पाच भरल्या. तालुक्यातले जे कार्यकर्ते येऊ शकतात त्यांनी आदल्या दिवशी कळवावं.

जय भीम.