फझ फेस, जर्मेनियम आणि जळगावचा मे महिना

१/ १८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ. वुडस्टॉकच्या मैदानातील बहुसंख्य श्रोते घरी परतले होते. अशा वेळी जिमी हेंड्रिक्सने गिटारवर अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले आणि सुरांच्या मधूनच विमानांची घरघर व बॉम्बचे स्फोट ऐकू येऊ लागले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. त्याच्या पायांशी, गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये, वॉ-वॉ, फझ फेस आणि युनि-व्हाइब या छोट्या पेट्या होत्या. हा धागा त्या पेट्यांविषयी आणि त्यांतली एक खानदेशात निवडण्याविषयी.

२/ मूळचा धुळ्याचा, नोकरीसाठी जळगावात खोली करून राहिलेला एक तरुण तो आवाज शोधतो आहे. गिटार आहे, सरावापुरता लहान अ‍ॅम्प आहे. साठलेल्या पैशांत एकच पेडल येईल. धाकट्या बहिणीच्या महाविद्यालय-प्रवेशाचा खर्चही याच वर्षी आहे. निवड चुकली तर दुसरी संधी लवकर मिळणार नाही.

३/ वरवर हा खरेदीचा प्रश्न दिसतो. मुळात तो साधनचिकित्सेचा आहे. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरीस देह ठेवला आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या गावच्या मुलाला हे वेगळे सांगायला नको. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. त्यामागचा आग्रह साधा होता: आधी अस्सल कागद, मग बखर.

४/ हेंड्रिक्सच्या आवाजाचा अस्सल कागद म्हणजे ध्वनिमुद्रणे, चित्रफिती आणि त्या काळच्या पेडलांचे सर्किट. बखर म्हणजे जाहिराती आणि ‘हेच वापरायचा तो’ अशी छातीठोक विधाने. वुडस्टॉकचेच उदाहरण घ्या. चित्रफीत नीट पाहिली तर ते ‘बॉम्ब’ एकट्या पेडलचे नाहीत, हे कळते. हेंड्रिक्स गिटारचा दांडा दाबून तारा सैल करतो आणि प्रचंड आवाजातल्या अ‍ॅम्पसमोर उभा राहून फीडबॅक उठवतो. ते पेटीत विकत मिळत नाही.

५/ फझचा जन्मच बिघाडातून झाला. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे मुद्रण चालू असताना मिक्सिंग यंत्राची एक वाहिनी बिघडली आणि ग्रेडी मार्टिनचे वादन चिरकून बाहेर पडले. ते तसेच ठेवले गेले. १९६२ मध्ये तोच बिघाड हुकमी देणारे मेस्ट्रो फझ-टोन बाजारात आले. १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’मुळे तो आवाज जगभर पोहोचला आणि १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने गोल चेहऱ्याचे फझ फेस आणले.

६/ आत घडते ते असे. तारेचा कंप विजेच्या गुळगुळीत लाटेच्या रूपात येतो. ट्रान्झिस्टर ती लाट इतकी वाढवतो की तिचे माथे आणि तळ कापले जातात. या कापलेल्या कडांतून नवे स्वरांश जन्मतात आणि आवाज जाड, खरखरीत होतो. ‘दादा, स्पीकर फाटलाय का रे?’ हा बहिणीचा प्रश्न म्हणूनच अगदी शास्त्रशुद्ध आहे.

७/ हा कान खानदेशाला परका नाही. महाराष्ट्रातल्या वराती-मिरवणुकांत वाजणारा बेंजो म्हणजे मूळचे जपानी ताइशोगोतो. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते १९१२ मध्ये घडवले. भारतात त्याचे बुलबुल तरंग झाले. पुढे त्याला पिकअप बसला आणि तो भोंग्यांतून गर्जू लागला. क्षमतेपलीकडे रेटलेला भोंगाही लाटेचे माथे कापतोच. विशेष म्हणजे हेंड्रिक्सचे युनि-व्हाइबही जपानी; शिन-एई कंपनीच्या फुमिओ मिएदा यांचे.

८/ आता खरा पेच. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. त्यांचा आवाज उबदार. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की खरखर विरून स्वच्छ सूर उरतो. म्हणून ‘अस्सल हवे तर जर्मेनियमच’ ही बखर प्रसिद्ध. मात्र जर्मेनियममधून विजेची गळती होते आणि तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की ती दुप्पट होते. लंडनच्या २५ अंशांच्या खोलीतली गळती जळगावच्या ४५ अंशांत चौपट! मग सूर मध्येच तुटतो, गुदमरतो.

९/ पुढचे फझ फेस सिलिकॉनवर बनू लागले. त्यांचा आवाज अधिक तिखट, पण उन्हात डगमगत नाही. आणि अस्सल कागद इथे बखरीला खोडून काढतो: १९६९ च्या सुमारास स्वतः हेंड्रिक्सही सिलिकॉनचे फझ फेस वापरत होता. जर्मेनियमचा हट्ट १९६७ च्या ‘पर्पल हेझ’ला शोभेल. त्यातही त्या गाण्याच्या एकल वादनात वरच्या सप्तकाची किंचाळी ऐकू येते, ती रॉजर मेयर यांच्या ऑक्टेव्हिया या वेगळ्या पेटीची. तेव्हा ‘हेंड्रिक्सचा आवाज’ असे एकवचनी काही नाही. वर्ष आधी सांगावे लागते.

१०/ तरुणाने अखेर तयार पेडल घेतलेच नाही. फझ फेसचे सर्किट म्हणजे दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन फिरते नियंत्रक. एकूण अकरा भाग. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या भागांवर त्याने बीसी १०८ चे सिलिकॉन फझ जोडले. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत एसी १२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर सर्रास असत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी बंद पडलेल्या संचांतून तसे दोन काढून दिले आणि बजावले, ‘बेटा, याला उन्हात ठेवू नको.’ त्यांचे दुसरे सर्किट झाले. ते पीएनपी जातीचे असल्याने त्याची धन-ऋण बाजू उलटी येते. इतर पेडलांच्या सामाईक वीजपुरवठ्यावर ते लावता येत नाही. त्याला स्वतंत्र ९ व्होल्टची बॅटरी लागते.

११/ नकलेची किंमत काय, हा प्रश्न मात्र उरतो. सिअ‍ॅटलमध्ये जन्मलेल्या, १९७० मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या वादकाचा आवाज तापीकाठी का उभा करायचा? एक उत्तर असे की, नक्कल करताना माणूस ऐकायला शिकतो. कोणता ध्वनी हाताचा, कोणता यंत्राचा, कोणता दंतकथेचा, हे वेगळे काढता येऊ लागते. हीच सवय पुढे कागदपत्रे वाचताना कामी येते.

१२/ साठलेले पैसे बहिणीच्या प्रवेशाला लागले. मे महिन्यात सिलिकॉन वाजते. डिसेंबरात धुळ्याचा पारा एक आकड्यावर आला की जर्मेनियमची पेटी बाहेर निघते, आणि तेव्हाही ती थोडी वेगळी वाजते. कारण थंडीत गळती घटते. लंडनची खोली खानदेशाला वर्षातून थोडेच दिवस मिळते. त्या दिवसांत १९६७, बाकी वर्षभर १९६९.