हायरूलचा मुलूख

क्योतोहून सोनोबेकडे जाणारी गाडी शहर संपताच डोंगरात शिरते. बोगदा संपला की खाली खोल दरीत होझू नदीचं हिरवं पाणी दिसतं, आणि ते नीट बघेपर्यंत पुढचा बोगदा येतो. डब्यातली शाळकरी मुलं माना टाकून झोपली होती. त्यांची ती रोजची वाट. मला मात्र खिडकीवरून नजर काढवेना. असले कडे, असली उंच सूचिपर्णी झाडं आणि झाडांत अडकलेलं असलं धुकं मी आधी पाहिलं होतं. वाशीमला, घरी, टीव्हीच्या पडद्यावर.

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा व्हिडिओ गेम 21 फेब्रुवारी 1986 रोजी जपानात आला. त्याला सुमारे चार दशकं झाली आणि मालिका अजून चालूच आहे. हायरूल नावाचं राज्य, लिंक नावाचा अबोल पोरगा, झेल्डा नावाची राजकन्या आणि गॅनन नावाचा दैत्य, एवढाच ऐवज. बळ, शहाणपण आणि धैर्य यांचे तीन सोनेरी त्रिकोण, त्यांच्यासाठी झगडा. बहुतेक खेळांत युग बदलतं, मुलूख बदलतो, पण हीच मंडळी पुन्हा जन्माला येतात. पाश्चात्त्य चाहत्यांनी या जन्मांचा कालक्रम लावण्यासाठी वर्षानुवर्षं डोकं चालवलं आहे. दशावतार ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात कोडं काहीच दिसत नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या गावात टीव्ही गेमच्या कॅसेटी फिरायच्या. त्यांत मारिओ होता, कॉन्ट्रा होता. झेल्डा माझ्या हाती कधी लागला नाही. तो एका बैठकीत संपणारा खेळच नव्हता. अर्धा सोडलेला डाव दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे नेता यावा म्हणून अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्याच्या कॅसेटीत चक्क एक बॅटरी बसवलेली असे. मला झेल्डा भेटला तो फार उशिरा, 2017 साली आलेल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधून, भाच्याने दुबईहून मागवलेल्या यंत्रावर. या खेळाला मराठी नाही, हिंदीही नाही. भाच्याने इंग्रजी वाचून दाखवायचं, मी वाट काढायची, असं आमचं ठरलं होतं.

त्या खेळात सुरुवातीलाच लिंक एका पठाराच्या कडेला येऊन उभा राहतो आणि समोर सगळं राज्य पसरलेलं दिसतं. आधीच्या कित्येक खेळांत वाट आखून दिलेली असे. इथे जो डोंगर दिसतो तो चढता येतो, जे तळं दिसतं त्यात उतरता येतं. मुलूखभर 120 देवळं विखुरलेली आहेत आणि बहुतेकांत एक कोडं. शिवाय 900 ठिकाणी कोरोक नावाची रानातली पिल्लं लपलेली. शिखरावर एकटाच दगड पडलेला दिसला की तो उचलून बघायचा, खालून कोरोक हसत बाहेर येतो. भाचा म्हणायचा, “मावशी, इतक्या वर यायची गरजच नव्हती गं.” गरज नव्हती हे खरंच. पण कोणीतरी तो दगड तिथे मुद्दाम ठेवला होता, आणि इतक्या वर कोणी येईल असा विश्वास त्याला होता. या मालिकेवरचं माझं प्रेम त्या विश्वासापायी आहे.

म्हणून मी सोनोबेला निघाले होते. झेल्डाचे जनक शिगेरु मियामोतो 1952 साली तिथे जन्मले. लहानपणी ते आसपासच्या टेकड्यांत एकटे भटकत. एकदा त्यांना एक गुहा दिसली. बरेच दिवस आत जायचा धीर झाला नाही, मग एके दिवशी कंदील घेऊन ते आत शिरले. डोंगर चढता चढता अचानक समोर आलेल्या तळ्याची गोष्टही ते सांगतात. त्या गुहेने आणि त्या तळ्याने दिलेलं नवल शहरातल्या, घरात बसून खेळणाऱ्या मुलांना मिळावं, यासाठी त्यांनी ताकाशी तेझुका यांच्यासोबत पहिला झेल्डा रचला.

सोनोबेला उतरले आणि थक्क झाले. थक्क झाले ते त्याच्या छोटेपणाने. भाताची खाचरं, काळ्या कौलांची घरं, पाठीशी बुटक्या, दाट झाडीच्या टेकड्या, जुन्या किल्ल्याचा दरवाजा आणि त्याच्या आवारात आता शाळा. जगभरच्या कोट्यवधी लोकांनी जिथे तलवार घेऊन रानं तुडवली, त्या राज्याचं मूळ हेच? मंगरूळपीरच्या रस्त्याला लागावं आणि दोन्हीकडे शेतं, पलीकडे टेकडी दिसावी, इतकं ते साधं होतं. मी गुहा शोधायला गेले नव्हते, मला रान बघायचं होतं. टेकडीच्या पायथ्याशी एक पाऊलवाट झाडीत वळत होती. वळणापलीकडे काय आहे ते कळत नव्हतं, आणि ते कळावं म्हणून पाय आपोआप तिकडे ओढले गेले. झेल्डा खेळताना हाताला जे होतं ते तिथे पायांना झालं.

क्योतोत परतल्यावर दुसरं नवल. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी क्योतोचेच. एवढं मोठं राज्य रचायचं तर एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचायला किती वेळ लागावा, याचा अंदाज कसा बांधायचा? त्यांनी क्योतोचा नकाशा घेतला आणि खेळाच्या नकाशावर ठेवून पाहिला. आपल्या माहितीच्या ठिकाणांमधलं अंतर पायांना ठाऊक असतं. त्या मापाने त्यांनी हायरूल आखलं. हे डोक्यात ठेवून मी क्योतोभर चालले. आपण किती चाललो आणि अजून किती उरलं, हे मला पोटऱ्यांतून कळत होतं. खेळातला प्रवास खरा का वाटतो, याचं उत्तर शहराच्या रस्त्यांवर मिळालं.

निन्टेंडो ही कंपनीही याच शहरातली, आणि वयाने आपल्या कल्पनेपेक्षा फार जुनी. 1889 साली फुसाजिरो यामाउची यांनी ती सुरू केली ती हानाफुदा नावाचे पत्ते बनवण्यासाठी. वर्षाचे 12 महिने, प्रत्येक महिन्याचं एक फूल किंवा झाड, प्रत्येकाची चार पानं, मिळून 48. कंपनीची 1930 सालची जुनी इमारत क्योतोच्या एका शांत गल्लीत आहे. आता तिथे हॉटेल चालतं, पण दाराशी जुन्या नावाची पाटी अजून तशीच आहे. त्या दारात उभी असताना मला सावंतवाडी आठवली. दशावतारी गंजिफाची गोल, हाताने रंगवलेली पानं, दहा अवतारांची प्रत्येकी 12, एकूण 120. आपल्याकडे सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला मरू दिली नाही, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण पत्त्यांच्या कारखान्यातून पुढे खेळण्यांकडे आणि तिथून पडद्याकडे निघालेली वाट आपल्याकडे कोणी धरली नाही. याचं मला खरोखर वाईट वाटलं.

उजी या शहरात, 1969 साली बांधलेल्या आपल्या जुन्या कारखान्यात, निन्टेंडोने 2 ऑक्टोबर 2024 रोजी संग्रहालय उघडलं. तिकिटासाठी आधी सोडतीत नाव लागावं लागतं. वरच्या मजल्यावर यंत्रं आणि खेळ मांडले आहेत. तिथे फोटो काढू देत नाहीत आणि ते फार बरं आहे, माणसं डोळ्यांनी बघतात. खाली माणसाच्या उंचीचे कंट्रोलर ठेवले आहेत, ते एकट्याने चालतच नाहीत. एक आजोबा बटणं सांभाळत होते, नात दिशा देत होती, आणि दोघंही एकमेकांना ओरडून सूचना करत होते. व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचं वाया जाणं, हे आपल्या घराघरांतलं मत त्या आजोबांसमोर टिकलं नसतं. झेल्डाच्या खोक्यांसमोर मी बराच वेळ होते. 2024 सालच्या ‘एकोज ऑफ विज्डम’मध्ये मालिकेला जिचं नाव आहे ती राजकन्या मुख्य मालिकेत पहिल्यांदा स्वतः नायिका झाली. त्याला 38 वर्षं लागली. फार उशीर झाला, पण तो खेळ उघडल्यावर ती स्वतःच्या पायांनी रानात शिरली तेव्हा मला झालेला आनंद मी विसरणार नाही.

रात्री आईला फोन केला. देवळं, कोडी, लपलेले कोरोक, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अवं, मंग आपल्या तीर्थाईचा असा खेय काऊन नाई करत कोनी?”

मला पुढे बोलताच येईना. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्याच्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं कोरवून घेतलं. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं लग्न लागतं ते वत्सगुल्मातच. माहात्म्यात इथली 108 तीर्थं सांगितली आहेत. पद्मतीर्थावर आम्ही लहानपणापासून जातो, बाकीच्यांतली किती जणांना दाखवता येतील? बालाजीच्या मूर्ती आक्रमणाच्या भीतीने जमिनीत पुरून ठेवल्या होत्या आणि पुढे मातीतून वर आल्या, असं गावात सांगतात. पलीकडे, दीडेक तासाच्या वाटेवर लोणारचं विवर, उल्केच्या आघाताने झालेलं. हरवलेली राजधानी, 108 कुंडं, पुरलेले देव, आकाशातून पडलेला दगड: हायरूल रचणाऱ्यांना याहून जास्त काय मिळालं होतं? मियामोतोंना एक गुहा आणि एक तळं मिळालं.

हे महाराष्ट्रात होऊ शकतं याचा दाखलाही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने केलेला ‘राजी’ 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वांत आधी निन्टेंडोच्याच स्विचवर आला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, पहाडी चित्रांसारखे महाल, आणि कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. त्यातली मारामारी मला थोडी एकसुरी वाटली, पण त्या महालांतून चालताना डोळे निवले.

वाशीमच्या, कारंज्याच्या, रिसोडच्या ज्या मुलामुलींना प्रोग्रॅमिंग येतं किंवा चित्र काढता येतं, त्यांना माझी विनंती आहे. येत्या सुट्टीत दोन-चार जण मिळून निघा. माहात्म्यातली तीर्थांची यादी एखाद्या जाणत्या माणसाकडून समजून घ्या, जी कुंडं बुजली आहेत त्यांच्या जागा म्हाताऱ्यांना विचारा, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत पायी जा. गाडी नेऊ नका. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. आणि पहिला नकाशा वहीवर पेन्सिलीने काढा.