जाणूनही नेणता

कोकण-गोमंतकातील देवळांच्या जत्रांतून ज्यांनी दशावतारी नाटके पाहिली आहेत, त्यांना हे सांगावयास नको की या नाटकांना लिहिलेली संहिता नसते. प्रयोगापूर्वी मंडळाचा प्रमुख आख्यानाची रूपरेषा सांगतो. पुढे प्रत्येक नट आपली भाषणे उभ्या उभ्या स्वतःच रचतो. येथे सुरतेस राहणाऱ्या आम्हांस याचे पुन्हा स्मरण झाले, ते घरच्या मुलांच्या एका खेळामुळे.

१९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने निघालेला हा खेळ. चारसहा जण मेजाभोवती बसतात. एक सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन बोलतात, आणि यशापयश बहुधा वीस बाजूंचा फासा ठरवितो. मुलांचा वाद असा : एकाचे पात्र गुहेत शिरले आणि आत राक्षस दडल्याचे त्याला दिसले. बाहेरच्या पात्राला याचा पत्ता नाही. पण ते पात्र खेळणाऱ्या मुलाने तर सारे ऐकलेले! वर्षभर जपलेले आपले पात्र त्याने आत न्यावे, की काही सबब काढून थांबवावे? काही सूत्रधार अशा वेळी गुपचूप चिठ्ठी देतात, म्हणजे इतरांना काही कळतच नाही.

दशावतारात चिठ्ठीला वावच नाही. तेथे नटाला सारे ठाऊक, आणि प्रेक्षकांनाही. अभिमन्यूचेच पाहा. व्यूहात शिरण्याची विद्या त्याला येते, बाहेर पडण्याची येत नाही. मागून पांडव येतील या भरवशावर तो निघतो. जयद्रथ त्यांची वाट अडविणार, हे नटाला ठाऊक असते, अभिमन्यूला नसते. पाठ केलेल्या भाषणाचा आधार नसल्याने प्रत्येक वाक्य त्याला त्या भरवशातूनच काढावे लागते. त्यात मरणाची चाहूल आधीच उमटली, तर अभिमन्यूचे शौर्य गेले, आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतील पाणीही गेले.

पात्राचे अज्ञान हे त्या पात्राचे स्वतःचे धन आहे. ते हिरावून घेऊन त्याचे रक्षण करू गेल्यास त्याची हिंमतच नाहीशी होते. आम्ही मुलास इतकेच सांगितले.

“आणि ते मेले तर?” त्याने विचारले.

मरेलही. पण एका जत्रेत पडलेला अभिमन्यू दुसऱ्या जत्रेत तितक्याच उमेदीने व्यूहात शिरतो, हे आम्ही पाहिले आहे.