सिमेंटच्या गावातली मे महिन्याची गर्दी

बालसंग्रहालय ही कल्पना फार जुनी नाही. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात खास मुलांसाठी पहिले संग्रहालय उघडले, पुढे १९६० नंतरच्या दशकात बोस्टनच्या बालसंग्रहालयाने काचेची कपाटे बाजूला सारून वस्तू मुलांच्या हाती दिल्या, आणि मुलांनी पाहण्यापेक्षा करून शिकावे हा विचार जगभर रुजला. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील मराठी कुटुंबे सुट्टीत मुलांना जेथे हमखास नेतात, ते ठिकाण मात्र निराळ्या परंपरेतले आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेस दहा-बारा किलोमीटरवर, कणेरी मठाच्या आवारात उभे असलेले सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय हे मुक्तांगण संग्रहालय होय. म्हणजे येथे वस्तू दालनात मांडलेल्या नसून घरे, शेते, विहिरी, जनावरे आणि माणसे यांच्यासह एक सबंध गावच उघड्यावर रचलेले आहे. या प्रकाराचा जगातील प्रसिद्ध आरंभ १८९१ मध्ये स्टॉकहोममधील स्कान्सेन येथे झाला. कणेरीतील माणसे लोकांच्या बोलण्यात ‘मेणाची’ असली तरी ती सिमेंटची आहेत, आणि लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, चांभार असे बारा बलुतेदार आपापल्या कामात गुंतलेले दाखवून यंत्रयुगापूर्वीच्या स्वयंपूर्ण खेड्याचे चित्र उभे करणे हा त्यांच्यामागचा हेतू आहे.

या ठिकाणी मे महिन्यात जी गर्दी लोटते, तिच्यामागे उन्हाळ्याच्या सुट्टीखेरीज सीमाभागाचे एक खास कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यावरील वाद महाजन आयोगातून पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, हे सर्वज्ञात आहे. या विभागणीने घरांच्या आत काय केले, याची चर्चा त्या मानाने कमी होते. नाती सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली. निपाणीची लेक कागलला दिलेली, गडहिंग्लजची सून बेळगावात आलेली, हे आजही सर्रास दिसते. शाळांची वेळापत्रके मात्र दोन राज्यांची झाली. कर्नाटकातील शाळा, मग त्या मराठी माध्यमाच्या का असेनात, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात आणि मे संपता संपता भरतात. महाराष्ट्रातील शाळा साधारणपणे मेच्या आरंभी सुटून जूनच्या मध्यावर उघडतात. शरद ऋतूतील मोठी सुट्टी एकीकडे दसऱ्याची, तर दुसरीकडे दिवाळीची. त्यामुळे बेळगावची मुले मोकळी असतात तेव्हा कोल्हापूरची मामेभावंडे सहामाही परीक्षेच्या तयारीत असतात. मामाच्या गावाला जाण्याची रीत टिकून राहिली ती मेमधल्या तीन-चार आठवड्यांच्या आधाराने, कारण तेवढाच काळ दोन्हीकडची मुले एकत्र सापडतात. कणेरीच्या दारातली रांग त्याच आठवड्यांत सर्वांत लांब का होते, याचे उत्तर पुष्कळ अंशी या जुळणीत आहे. तिकिटे एकत्र काढून आत शिरणाऱ्या त्या आठ-दहा जणांच्या घोळक्यात दोन राज्यांच्या पाठ्यपुस्तकांवर वाढलेली, पण एकाच आज्जीची नातवंडे असतात, आणि ही गोष्ट मनाला फार समाधान देणारी आहे.

गर्दीत संग्रहालय पाहणे सोपे नसते. एकामागून एक प्रदर्शने पाहताना शरीर आणि लक्ष दोन्ही शिणतात, या अवस्थेची शास्त्रशुद्ध नोंद बोस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये केली, आणि तिला संग्रहालय-थकवा हे नाव मिळाले. मेच्या उन्हात कडेवर तान्हे मूल, हातात पाण्याच्या बाटल्या आणि पाठीमागून ‘पुढं चला, पुढं चला’ असा रेटा असताना हा थकवा लवकर येतो; मुले पुतळ्यांपुढे फोटोपुरती उभी राहतात आणि पुढच्या खेळाकडे धाव घेतात. तरीही, थोडा वेळ त्या वाटेवर रेंगाळून ऐकले तर लक्षात येते की संग्रहालयाचे खरे काम पाटीवरच्या मजकुरातून होत नाही. मोटेच्या देखाव्यापाशी एखादे आजोबा थांबतात आणि सांगू लागतात: बैल पुढे उतरणीवर चालत तेव्हा कातडी मोट भरून वर येई, थारोळ्यात रिती होई, आणि मग बैलांना पाठीमागे सरकवत न्यावे लागे, त्या मागे सरकण्यातच खरे कसब होते. सिमेंटचे बैल एकाच जागी उभे असतात, त्यांना मागे सरता येत नाही. ती हालचाल, चाकाचा आवाज, पहाटेच्या पाळीतली झोप, हे सारे पुतळ्यात नसून त्या आजोबांजवळ असते, आणि पुतळा केवळ ते बाहेर काढण्याचे निमित्त ठरतो. जात्यापाशी हेच आज्जीकडून घडते. मूल काय शिकते हे त्याच्या सोबत कोण आहे यावर फार अवलंबून असते, असे संग्रहालयांचे अभ्यासक जे म्हणतात, त्याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही.

मात्र याच ठिकाणी एक गंभीर प्रश्नही उभा राहतो. बलुतेदारी म्हणजे गावाची ठरावीक कामे पिढीजात करणाऱ्यांना शेतकऱ्याने सुगीत धान्याच्या रूपाने मोबदला देण्याची पद्धत. ती एकोप्याची व्यवस्था होती, असा संग्रहालयाचा एकंदर सूर आहे, आणि परस्परांच्या गरजा गावातल्या गावात भागत होत्या हे खोटेही नाही. पण त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गावगाडा’ या ग्रंथात याच व्यवस्थेच्या दोषांचे आणि कुणब्यावर पडणाऱ्या तिच्या बोजाचे सविस्तर वर्णन आहे. ज्या कोल्हापूरच्या वेशीवर हे सिमेंटचे गाव वसले, तेथील राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बलुतेदारीची सक्ती उठवली आणि महार वतने रद्द करून त्या लोकांना वेठीतून सोडवले. जन्माने मिळालेला धंदा सोडण्याची मोकळीक हा त्या निर्णयाचा गाभा होता. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले, ते याच गावगाड्यातील अन्यायाविरुद्ध लोकांना उभे करण्यासाठी. पुतळा माणसाला काम करताना दाखवू शकतो. खळ्यावर बलुत्यासाठी ताटकळणे, पीक बुडालेल्या वर्षी रिकाम्या हाती परतणे, पाणवठ्यावर अडवले जाणे, हे त्याला दाखवता येत नाही. ज्यांच्या पणजोबांनी हे सोसले त्या घरातील आजोबा चामडे कमावणाऱ्या पुतळ्यापाशी उभे राहतात तेव्हा त्यांनी काय सांगावे, किती सांगावे, हा निर्णय सर्वस्वी त्यांचा असतो. पण सांगायचे ठरवलेच तर त्यांना मोटेवाल्या आजोबांहून अधिक शांतता आणि अधिक वेळ लागतो, आणि मेमधील रेटा नेमके हेच हिरावून घेतो. म्हणून गर्दी ही केवळ गैरसोय मानणे पुरेसे नाही. तिच्यात समाधानाचा भाग तेवढा ऐकू येतो आणि अवघड भाग बोलायचा राहून जातो, हे तिच्यामुळे होणारे मोठे नुकसान आहे. काही देखाव्यांपुढे सावलीत बसायला जागा मिळाली, वाट जरा रुंद झाली, तर त्या संभाषणाला आधार मिळेल. वेळही फारसा उरलेला नाही: स्वतः मोट हाकलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, आणि तिच्यानंतर येणारे आजी-आजोबा नातवंडांइतकेच पाटीवर विसंबून असतील.

परतीच्या वाटेवर सीमेवरचे कोगनोळी ओलांडून गाडी निपाणीला लागते, आणि तेथे जे गाव आहे त्याचे देखावे अजून कोणी घडवलेले नाहीत. तंबाखूच्या रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकऱ्यांनी याच पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले होते, आणि त्याचा शेवट पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी जाण्यात झाला. वखारीतील जरद्याच्या धुळीत राबलेल्या आणि दर हजार विड्यांमागे मजुरी घेऊन त्या वळणाऱ्या हजारो बायकांनी या शहरातली घरे चालवली. पान भिजवून कापायचे कसे, जरदा किती भरायचा, दोरा कोठे बांधायचा, भरलेल्या विड्यांतून कारखान्यात किती बाद ठरवल्या जात आणि त्या दिवशी घरी काय शिजे, हे सांगू शकणाऱ्या आज्ज्या सकाळी कणेरीला गेलेल्या त्याच घोळक्यात असतात. त्यांना विचारायला तिकीट लागत नाही, पाठीमागे रांग नसते, आणि जूनमध्ये महाराष्ट्रातल्या शाळा भरेपर्यंत निदान अर्धी नातवंडे तरी हाताशी असतात.