बाईंनी काढायला लावलेला पट्टा

लोधिवलीत गुडघा दुखावणे ही काही बातमी नाही. जुना मुंबई-पुणे रस्ता इथूनच जातो, आजूबाजूला भातखाचरे, पलीकडे पाताळगंगेचे कारखाने, आणि भात झोडून झाले की गावोगावी दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने. मोटारसायकलवरून पडलेले, बांधावरून घसरलेले आणि कबड्डीत दुखावलेले असे तिन्ही प्रकारचे गुडघे आमच्याकडे वर्षभर भेटतात. माझा तिसऱ्या प्रकारातला. आज मी त्या गुडघ्यावर उभा राहून शाळेच्या मैदानावर मुलांना शिकवतो, त्यात माझे कर्तृत्व फारसे नाही. ते ज्यांचे आहे त्यांच्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते.

चढाई करून परत फिरताना माझा पाय मातीत रुतून राहिला आणि अंग वळले. आत काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. दोन तासांत गुडघा नारळाएवढा झाला. घरच्यांनी मला आधी हाडवैद्यांकडे नेले, तेव्हा सगळेच नेत. त्यांनी आधी चांगला गुडघा चाचपला, मग दुखरा. नडगी हलकेच पुढे ओढून पाहिली आणि हात काढून घेतला. म्हणाले, "हाड जागेवर आहे. आतली दोरी गेली असंल. हे माझं काम नाय. तेल लावून चोळत बसू नका, मोठ्या दवाखान्यात न्या." पैसे घेतले नाहीत. ज्याचे पोट चोळण्यावर चालते त्याने चोळायला नकार द्यावा, याचे मोल मला त्या वेळी कळले नाही. उलट म्हाताऱ्याला आता जमत नाही असेच वाटले.

मोठा दवाखाना म्हणजे आमच्यासाठी लोधिवलीचे धीरूभाई अंबानी हॉस्पिटल. महामार्गावरच्या अपघातांतली माणसे तिथे येतात, त्यामुळे मोडलेल्या पायांचे त्यांना अप्रूप नाही. एक्स-रेत हाड साबूत निघाले. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही, सूज उतरली की पुन्हा तपासू, एमआरआय काढू, तोवर पाय सरळ ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले आणि इमोबिलायझर, म्हणजे गुडघा वाकू न देणारा पट्टा, लिहून दिला. थोरल्या भावाने पनवेलहून तो आणला. मांडीच्या मध्यापासून घोट्याच्या वरपर्यंत पोहोचणारा, मागे आणि दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असलेला. दुकानात आखूडही होते, पण भावाने सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत कडक निवडला. त्याच्या मायेचे ते माप होते.

"तोवर" हा शब्द आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात राहिला नाही. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतले पुढचे लिगामेंट, तुटलेले दिसले आणि मी पट्टा अधिकच आवळून बांधू लागलो. सरळ पायाने घरात राहणे सोपे नसते. रिक्षात मागच्या सीटवर आडवे बसायचे, पाय शेजारच्याच्या मांडीवर. संडासासाठी भावाने खुर्चीची बैठक कापून दिली. जेवायला सगळे खाली, मी एकटा पलंगावर. तरी पट्टा काढायची भीती वाटे. काढला की पाय माझा नाहीच, असे वाटे.

डॉक्टरांनी मग चौकला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. एक खोली, दोन खाटा, भिंतीला एक बाकडे. मी व्यायामाची तयारी करून गेलो होतो. त्यांनी पट्टा सोडायला सांगितला, मला उभे केले आणि शिंप्याची टेप घेतली. गुडघ्याच्या वाटीच्या वर ठरावीक अंतरावर पेनाने खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. दुखऱ्या बाजूची मांडी नजरेलाही बारीक दिसत होती, पण टेपवरचा आकडा पाहून माझा घसा कोरडा पडला.

"पट्टा चांगला आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसांत हवाच होता. पण आता मांडीचं काम तो करतोय, म्हणून मांडी बसून खातेय."

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी आवळून धरायची आणि सोडायची, एवढाच पहिला धडा. पायच हलत नाही, मग यात व्यायाम कसला, असे मला वाटले. पण घाम फुटला. हळूहळू बाईंनी लांब पट्टा घरात बंद केला, नंतर बाहेरही. काठी दिली ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. मी दुखऱ्या बाजूला धरायचो, सगळेच धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हेही तिथलेच.

मला खरे शिकवले ते मात्र त्या बाकड्याने. एकदा आम्ही तिघे शेजारी बसलो होतो. खोपोलीकडचा एक ट्रकचा क्लीनर. धडकेत त्याच्या वाकलेल्या गुडघ्याखालची नडगी डॅशबोर्डवर आपटली होती. इर्शाळगडाच्या पायथ्याकडची एक ठाकर मावशी. लावणीत बांधावरून घसरताना तिचा गुडघा आतल्या बाजूला मुडपला होता. आणि मी. मावशीच्या पायात बाजूंना बिजागऱ्या असलेला आखूड पट्टा होता आणि ती खुशाल गुडघा वाकवत होती. माझ्या मनात आले, गरीब आहे म्हणून स्वस्तातला दिला. बाईंना ते माझ्या तोंडावर दिसले असावे.

त्यांनी तिघांनाही समजावले. मावशीचे आतल्या बाजूचे लिगामेंट सांध्याच्या बाहेर असते, त्याला रक्त मिळते, ते बहुतेक वेळा आपणहून भरून येते. त्याला फक्त आडवा ताण नको. म्हणून बिजागरी, वाकायला मोकळी आणि बाजूला घट्ट. क्लीनरचे मागचे लिगामेंट गेले होते, त्याची नडगी मागे ढळत होती. त्याला सुरुवातीला पाय सरळ आणि पोटरीला मागून पुढे रेटणारा आधार हवा. माझ्यासारख्याचा पट्टा त्याच्या उपयोगाचा नाही. आणि माझे लिगामेंट सांध्याच्या आत, सांध्यातल्या पाण्यात. तुटलेली टोके तिथे सहसा नीट जुळत नाहीत, मग पट्टा कितीही लांब असो. तुटले काय आणि उद्या करायचे काय, हे विचारल्याशिवाय बाई कुणाला पट्ट्याचे नाव सांगत नसत. मावशीला त्यांनी आधी विचारले होते, चुलीपुढे बसायला लागतं का, पाणी कुठून आणतेस.

पुढे मी त्यांच्याकडे उगाचच जाऊन बसू लागलो. नवीन पेशंट आला की टेप धरायचो. एस, एम, एल हे कपड्यासारखे अंदाजाने घ्यायचे नसते, खोक्यावर लिहिले असेल तिथला घेर उभे राहून मोजायचा, हे तिथे कळले. बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या रेषेत यायला हवा. पट्टा घसरून खाली आला तर बिजागरी एकीकडे वाकते आणि गुडघा दुसरीकडे. म्हणून गुडघ्याखालचा, पोटरीवरचा बंद आधी, मग मांडीचे. बंदाखाली दोन बोटे जायला हवीत. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जरा खाली नस अगदी कातडीलगत असते. तिथे बंद रुतला तर पाऊल वर उचलेनासे होते. मुंग्या आल्या तर सैल करायचे. पोटरी सुजून दुखू लागली तर वाट न पाहता डॉक्टर. आमच्या पावसाची गोष्ट तर कुठल्याच खोक्यावर नसते. आषाढात आतला स्पंज वाळत नाही, कातडीला खाज सुटते. बाई आतून सुती पायमोजा घालायला लावत, पट्टा हाताने धुऊन सावलीत वाळवायला सांगत आणि वेल्क्रोतली भाताची कुसे स्वतः चिमट्याने काढत बसत. तयार मापात न बसणारे पाय, पोलिओचे वगैरे, त्या मुंबईला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत पाठवत. केंद्र सरकारची ती संस्था १९५५ पासून असे पाय पाहते आहे.

एकदा मी हाडवैद्यांची टिंगल केली. बाईंना ती आवडली नाही. इस्पितळात मोडलेल्या मांडीला अजून जी थॉमस स्प्लिंट लावतात, ती ज्याच्या नावाची तो ह्यू ओवेन थॉमस हाडवैद्यांच्याच घराण्यातला, बाप लिव्हरपूलचा नावाजलेला हाडवैद्य, हे त्यांनी मला सांगितले. पहिल्या महायुद्धात त्याच्या भाच्याने, रॉबर्ट जोन्सने, ती स्प्लिंट आघाडीवर पोहोचवली आणि मांडी मोडलेले असंख्य सैनिक वाचले. "तुमच्या म्हाताऱ्यांनी नडगी ओढून पाहिली ना? डॉक्टरही तेच करून पाहतात. त्यांनी चोळलं असतं तर तू माझ्याकडे उशिरा आला असतास." मी त्यानंतर हाडवैद्यांना भेटायला गेलो. ते ओसरीवर होते, मला ओळखलेही नाही. मी पाया पडलो.

खेळाचा प्रश्न मी सगळ्यांत शेवटी विचारला. महागातला, खेळाडू वापरतात तसला ब्रेस घातला तर चढाई करता येईल का? मला हो ऐकायचे होते. बाईंनी वेळ घेतला. चालताना, हलक्या धावण्यात तो धीर देईल. पण पाय रोवून झटक्यात वळशील तेव्हा तुटलेल्या लिगामेंटची जागा तो घेणार नाही. खेळायचेच असेल तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे कित्येक महिने. नाही केलीस तर मांडी मजबूत ठेव; शेती होईल, मैदानावर उभे राहणे होईल, चढाई नाही. घरची परिस्थिती त्यांना ठाऊक होती, तरी निर्णय त्यांनी माझ्यावरच सोडला. मी चढाई सोडली. पुढे पंच झालो, मग शाळेत क्रीडाशिक्षक. पायावर विसंबून असलेला माणूस इतक्या सहज दुसऱ्या वाटेला लागला, कारण कुणीतरी त्याला खोटी आशा विकली नाही.

आता मुली मॅटवर खेळतात. बुटाची पकड मातीपेक्षा घट्ट, पाय अडकून राहतो आणि अंग वळते. गेल्या मोसमात आमच्या एका मुलीचा गुडघा सुजला. तिचे वडील संध्याकाळी दारात आले, हातात नवा कोरा इमोबिलायझर, सगळ्यांत लांब. पिशवीतून काढताना त्यांचा हात थरथरत होता. मी म्हटले, छान केलंत, डॉक्टरांना दाखवेपर्यंत लागेलच. किती दिवस ते मात्र त्यांनाच विचारू. डॉक्टरांनी तपासले, मुलीला धीर आला, तेव्हा मी बाईंना फोन केला. त्या आता निवृत्त आहेत, मुलाकडे नाशिकला असतात. मी सगळे सविस्तर सांगितले: सूज कधी आली, आवाज आला का, डॉक्टर काय म्हणाले, पट्टा कोणता.

त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "माप घेतलंस का? दोन्ही मांड्यांचं?"

मी म्हणालो, उद्या घेतो.

"उद्या नको. टेप घेऊन आत्ता जा, आणि पोरीला उभं करून घे."