आष्ट्याहून हरमुकुटगंगेस

हा लेख मासे धरण्याच्या साहित्याविषयी आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. ज्यांना पान उलटावयाचे असेल त्यांनी खुशाल उलटावे. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मासा शिजलेला नाही आणि पुढेही शिजण्याचा संभव नाही. असे असता सन 2022 च्या आषाढात, एकादशी आटोपताच, आम्ही आष्ट्याहून निघून काश्मीरातील हरमुख पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या दोन सरोवरांपर्यंत गेलो, आणि बरोबर गळ होता. गळ आमचा नव्हे, आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांचा. “चातुर्मास लागला, आणि तुम्ही मासे धरायला निघालात?” असा सवाल घरातून झाला. त्यास आमचे उत्तर एवढेच होते की, आम्ही कल्हणाचे नंदिक्षेत्र पाहावयास जात आहोत. गळ पुतण्याचा आहे.

पुतण्या पुण्यास नोकरीस असतो. दोन वर्षांपूर्वी त्यास हा नाद लागला. जाण्यापूर्वी तो आठ दिवस आष्ट्यास आला, तेव्हा साहित्याचा पेटारा घेऊनच आला. दोन तुकड्यांची नऊ फुटी काठी, तिला ठेवावयाची जाड नळी, समुद्रावर शोभेल असे रीळ, आणि चकाकत्या खोट्या आमिषांनी भरलेली तीन खणांची पेटी. पेठेतील एका वाण्याच्या काट्यावर आम्ही ते सर्व ठेवविले. साडेचार किलो भरले. आता नारानागहून गंगाबळपर्यंतचा चढ तेराशे मीटरांच्या आसपास आहे, आणि वर हवा विरळ. तेथे पाठीवरचा प्रत्येक पावशेर बोलू लागतो. घोडा मिळतो हे खरे. परंतु घोड्यावर बिछाना, तंबू आणि शिधा लादावयाचा, की पुतण्याचा छंद?

कृष्णा आष्ट्यापासून दूर नाही. औदुंबरास दत्तदर्शनास गेलो असता परतीच्या वाटेवर, घाटापासून बऱ्याच अंतरावर, एक वृद्ध भोई गळ टाकून बसलेले आढळले. त्यांचे साहित्य म्हणजे वेळूची एक सडसडीत काठी, तिच्या शेंड्यास बांधलेला काठीएवढाच तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगता तुकडा आणि कणकेच्या चार गोळ्या. पुतण्याने मोठ्या हौसेने आपल्या पेटीचे चित्र त्यांस यंत्रावर दाखविले. त्यांनी ते नीट पाहिले, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, मासं कुठलं हाय ते ठाऊक न्हाई, आन् गळ एवढं कशाला घेतलं?”

सगळा विषय या एका प्रश्नात आहे असे आमचे मत झाले. संस्कृतज्ञ वाचकांस ठाऊक असेल की, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, सुमारे शके 1051 मध्ये, ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आलेले आहे. माशांच्या जाती, कोणत्या जातीस काय खाऊ घालावे, दोरी कशी, काठी कशी, गळ कसा, याचा त्यात विचार आहे. राजास नोकरांची वाण नव्हती, ओझे वाहावयाचे नव्हते. तरीही मासा काय खातो याची त्याने कसून चौकशी केली आहे. या राजाचा पिता सहावा विक्रमादित्य, आणि त्याच्या दरबारी कवी बिल्हण हा काश्मीरचा. आमच्या कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येचे, चंद्रलेखेचे, स्वयंवर याच काश्मिरी पंडिताने वर्णिले. म्हणजे कृष्णाकाठ आणि काश्मीर यांची ओळख आगगाडीने करून दिलेली नाही.

असो. मासा कोणता, हे मग आम्ही दोघांनी बसून वाचून काढले. काश्मीरच्या उंच सरोवरांत गळास लागतो तो ट्राउट, आणि तो मूळचा तेथील नव्हे. विलायतेहून सन 1899 मध्ये आलेली अंड्यांची पहिली खेप नासली. 1900 मधील दुसरी सुखरूप पोचली, आणि त्यापासून पैदास झालेली प्रजा पुढे ओढ्यांत व तळ्यांत सोडण्यात आली. वरची तळी वर्षातील कित्येक महिने बर्फाखाली असतात. खाद्य थोडे, म्हणून मासा बहुधा लहानच राहतो. पाव किलोचा मिळाला तरी पुष्कळ. पाणी काचेसारखे असल्यामुळे जाड दोरा त्यास दिसतो. आणि तो बहुतेक वेळ तळ्याच्या मध्यावर नसून, सकाळ-संध्याकाळ काठाशी, किंवा जेथे ओढा तळ्यात शिरतो वा तळ्यातून निघतो तेथे, पाण्यावर पडणारे किडे टिपीत हिंडतो.

एवढे कळल्यावर पेटारा आपोआप रिकामा होऊ लागला. पाव किलोच्या माशास दहा किलो तोलणारा दोरा कशास? दोन-अडीच किलोंचा ताण सोसणारा बारीक तंगूस पुरे, आणि दिसावयासही कमी. दोरा बारीक म्हटल्यावर रीळ लहान झाले, सुमारे दोनशे ग्रॅमचे. काठी सहा-सात फुटांची, चार तुकड्यांची, मिटली म्हणजे हातभर लांब. वजन दीडशे ग्रॅमच्या आत. एकात एक शिरणाऱ्या काठ्याही मिळतात व त्या याहून आखूड मिटतात, परंतु त्यांच्या सांध्यांत वाळूचा कण गेला की डोंगरात त्या ना उघडतात ना मिटतात, म्हणून आम्ही तुकड्यांची पसंत केली. तीन खणांच्या पेटीऐवजी दाढीच्या साबणाची एक डबी. तिच्यात तीन-तीन ग्रॅमचे सहा फिरते पत्रे, पिसांच्या दहा-बारा कृत्रिम माश्या आणि काही सुटे गळ.

येथे एक अडचण राहते, आणि ती बहुतेकांस तळ्यावर पोचल्यावर कळते. पिसाची माशी वजनाने नाहीच; वारा समोरचा असला की ती फेकणाऱ्याच्या टोपीवर येऊन बसते. यावर उपाय म्हणजे पारदर्शक पोकळ गोळा. त्यात तळ्याचेच पाणी हवे तितके भरावयाचे, म्हणजे फेकण्यापुरते वजन येते, आणि चालताना मात्र ते वजन आपण वाहिलेले नसते. आम्हांस ही युक्ती फार आवडली. शिसे टाळता येते हा लाभ वेगळाच.

जपानातील डोंगरी ओढ्यांवर बिनरिळाची एक काठी वापरतात, तिला तेनकारा म्हणतात. बारा फूट लांब, शेंड्यास दोरा बांधलेला, मिटली म्हणजे आखूड, आणि वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. पुतण्याने ती मागविली तेव्हा आम्ही त्यास म्हटले, “अरे, ही तर कृष्णेवरच्या म्हाताऱ्याची काठी!” तो हसला, पण तत्त्व तेच आहे. काठावरून पाच-सात मीटरांपलीकडे ती पोचत नाही, एवढीच तिची उणीव. ओढ्याच्या मुखाशी तिच्याइतके सुटसुटीत साधन दुसरे नाही.

गाठी घरीच मारून, माश्या बांधलेले दोरे पुठ्ठ्यावर गुंडाळून न्यावेत; पहाटे बोटे बधिर असताना तेथे सुईत दोरा ओवणेही होत नाही. एक लहान चिमटा घ्यावा. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा, म्हणजे लहान मासा न फाटता सुटतो, आणि बोटात घुसलेला गळही डॉक्टरावाचून निघतो. तुटलेला तंगूस वीतभर असला तरी खिशात घालून परत आणावा, कारण तो कुजत नाही आणि पाखरांच्या पायांत अडकतो. शेवटी वाण्याच्या त्याच काट्यावर सर्व मिळून पाचशे ग्रॅम भरले. जुन्या हिशेबाने अर्ध्या शेराहून किंचित अधिक.

मिरजेहून रेल्वेने दिल्ली, पुढे विमानाने श्रीनगर. मत्स्यविभागाचा परवाना पुतण्याने तेथेच काढला. कंगणपर्यंतच्या रस्त्यावर अमरनाथच्या यात्रेकरूंच्या गाड्यांची रीघ होती. तेथून वांगथच्या खोऱ्यात वळल्यावर सारे शांत झाले. नारानागची भग्न देवळे पाहताना आम्ही बराच वेळ घालविला. हेच भूतेश्वर, कल्हणाचा पिता चण्पक दरवर्षी सात दिवस या नंदिक्षेत्रात येऊन राहात असे. दुसऱ्या दिवशीचा चढ कसा गेला ते आमच्या गुडघ्यांस विचारावे.

वर दोन सरोवरे आहेत. खालचे नुंदकोल, आणि थोडे वर, सुमारे साडेतीन हजार मीटरांवर, अडीच किलोमीटर लांबीचे गंगाबळ. हेच काश्मिरी पंडितांचे हरमुकुटगंगा तीर्थ; भाद्रपद शुद्ध अष्टमीस येथे यात्रा भरते, आणि आप्तांच्या अस्थी येथे विसर्जित करण्याची त्यांची पूर्वापार चाल आहे. त्यात गळ टाकावा काय?

पुतण्याचे म्हणणे असे की, परवाना आहे, इतर लोक टाकतात, आणि धरलेला मासा तो सोडूनच देणार. सोडून देण्याचे हे पुण्य आम्हांस कळत नाही. जिवास ओठात काटा टोचून ओढावयाचे आणि मग दया म्हणून सोडावयाचे, याहून भुकेपुरता मासा मारून खाणारा आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. आपल्या कृष्णेतील महाशीराची गोष्ट निराळी. तो विरळ झाला आहे, तेव्हा गळास लागलाच तर सोडलाच पाहिजे. ट्राउटास ते कारण नाही. उलट पक्षी, आमचा सोवळेपणा येथे चालवावा तर तोही जुळेना. काश्मिरी पंडित मासे खातात. पौषात तर घरच्या देवतेस भाताबरोबर मासा अर्पण करण्याचा त्यांचा कुलाचार आहे. म्हणजे मासा निषिद्ध हा आमच्या घरचा नियम, या तीर्थाचा नव्हे. तीर्थाचा प्रश्न अस्थींचा होता. ज्या पाण्यात कोणाचा पिता विसावला आहे, त्यात विनोदार्थ गळ फिरवू नये, एवढेच आम्ही म्हणालो. नुंदकोलही शास्त्राप्रमाणे शिवनंदीचेच स्थान, हे त्यास सांगितले; पण तेथे आम्ही अडविले नाही.

त्याने काठी मिटली ती गंगाबळावर उघडली नाही. सायंकाळी नुंदकोलातून ओढा निघतो त्या जागी तो बिनरिळाची काठी घेऊन तासभर उभा राहिला. तीन मासे लागले. वीतभराहून लहान होता तो सुटला. उरलेले दोन घोडेवाल्याने मीठ लावून आपल्या तव्यावर भाजले, आणि पुतण्याने त्यांतील अर्धा खाल्ला. आम्ही घरून आणलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. रात्री तंबूवर गारा पडल्या. पहाटे गंगाबळावर स्नान करण्याचा आमचा संकल्प होता. पाण्यात हात घातल्यावर मार्जनावर भागविले, आणि आष्ट्यास नेण्यासाठी एक तांब्याचा गडू भरून घेतला. भरलेला गडू पुतण्याच्या सगळ्या साहित्याहून जड झाला होता. तो उतरणीवर त्यानेच वाहिला.